हजेरीपट उलटा वाचताना

शाळा बुडवणारं मूल खरोखर आजारी असेल, यावर माझा कित्येक वर्षं विश्वास नव्हता. इतक्या सरळ शब्दांत हे लिहिणं जड जातंय, पण आडवळणानं लिहिलं तर मी पुन्हा स्वतःची बाजूच मांडत बसेन. मी सौंसर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीला आनुवंशिकतेचा धडा माझ्याकडे असतो. मेंडेलचे वाटाणे, प्रभावी गुण, अप्रभावी गुण, चौकट आखून तीनास एक हे प्रमाण काढणं, हे सगळं मी दरवर्षी मन लावून शिकवत आलो. त्याच वेळी शेजारच्या नववीच्या वर्गात एक मुलगी बसत असे, जिच्या रक्तात तो धडा घडलेला होता. तिला मी कामचुकार समजत होतो.

आमचा हा भाग थोडा वेगळा आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर आणि पांढुर्णा हे त्यातले मराठी बोलणारे तालुके. 2023 साली त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, तीही नागपूरकडची, आणि शाळेत हिंदी. आजारपणाचा अर्जही मुलं हिंदीतच लिहितात, 'सविनय निवेदन है' पासून सुरू होणारा. तो सगळ्यांचा सारखाच असतो, कारण तो आम्हीच त्यांच्याकडून घोकून घेतलेला असतो. रात्रीपासून ताप आहे, दोन दिवसांची सुट्टी द्यावी. कोणाची हाडं ठणकत असोत, कोणाला कावीळ झालेली असो, अर्जात तापच. मला त्या अर्जांचा राग यायचा. सगळे खोटे वाटायचे.

संशयाला कारणं नव्हती असं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतो. संत्र्याची तोड सुरू झाली की मोठी मुलं बागेत मजुरीला जातात. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार, त्या आठवड्यात तर हजेरी घ्यावीशीच वाटत नाही. या सगळ्या गैरहजेरीनंतर हातात येणारा अर्ज एकच, ताप. म्हणून मी नियम केले. तीन दिवसांपेक्षा जास्त सुट्टी असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र आणायचं. नसेल तर वर्गाबाहेर उभं राहायचं. तास चालू असताना पाण्यासाठी किंवा लघवीसाठी उठायचं नाही, त्यासाठी मधली सुट्टी आहे. उशिरा येणाऱ्यानं प्रार्थना होईपर्यंत आणि पुढं पहिला तास संपेपर्यंत बाहेरच्या उघड्या ओट्यावर थांबायचं. आणि ज्याची हजेरी शंभर टक्के त्याला 26 जानेवारीला सगळ्या गावासमोर बक्षीस. या नियमांचा मला अभिमान होता. तालुक्याच्या बैठकीत मी ते इतर शिक्षकांना सांगतही असे.

त्या मुलीचं नाव मी इथं लिहिणार नाही. ती गावाबाहेरच्या वस्तीतून चालत यायची. आता मला ज्याची सर्वांत जास्त लाज वाटते ते लिहितो. तिच्या गैरहजेरीचं कारण शोधताना मी आधी तिची वस्ती पाहिली. गोंडांचा टोला किंवा बौद्धांची वस्ती म्हटलं की तिथल्या मुलांना शाळेचं सोयरसुतक नसतं, आईबापांना शिकवण्याची हौस नसते, असं एक ठरलेलं वाक्य आमच्यासारख्यांच्या घरांत लहानपणापासून कानावर पडतं. मी ते वाक्य कधी मोठ्यानं म्हटलं नाही. पण एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाचा अर्ज आला की मी त्याला 'बरं वाटतंय का आता' असं विचारायचो आणि तिला विचारायचो, 'प्रमाणपत्र कुठं आहे?' हा फरक माझ्या तेव्हा लक्षात आला नाही. वर्गातल्या मुलांच्या तो नक्की लक्षात आला असणार.

तिचे डोळे पिवळसर दिसायचे. वयाच्या मानानं ती लहानखुरी होती. तासाला दोनदा हात वर करून पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारायची, आणि थोड्या वेळानं लघवीला. मी नाही म्हणायचो. बहाणे, दुसरं काय.

एकदा तिची माय शाळेत आली. "सर, तिचे हातपाय फुटल्यावानी दुखतेत. रातभर लोळते. सकाळी उठून म्हनते, मी शाळेत जातो. मीच येऊ देत नाई." मी विचारलं, दवाखान्यात दाखवलं का. तिनं सांगितलं, दाखवलं होतं, अशक्तपणा आहे म्हणून टॉनिक दिलं. वात आहे असं कोणी म्हटलं म्हणून तेल लावलं. कशानंच गुण येईना तेव्हा जामसांवळीला हनुमानाच्या दर्शनाला नेऊन आणलं. आमच्या तालुक्यातलं ते मोठं ठाणं आहे, निजलेल्या मारुतीचं, आणि दुखणाईत माणसांना घेऊन लोक लांबून तिथं येतात. ते ऐकल्यावर माझ्या डोक्यातला खटला निकाली निघाला. मी त्या बाईला अंधश्रद्धेवर बरंच ऐकवलं. ती खाली मान घालून ऐकत राहिली. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी कर्तव्य बजावलं असं मला वाटलं. एक बाई लेकीच्या वेदनेवर दार दिसेल तिथं जाऊन ठोठावत होती, त्यातलं एक दार माझं होतं, आणि मी तिला कोणती दारं ठोठावावीत यावर भाषण दिलं.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 2047 पर्यंत हा आजार संपवायचा, त्यासाठी चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं लक्ष्य. त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या शाळेत पथक आलं. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, काही मुलांना पुढच्या तपासणीसाठी निवडलं. काही दिवसांनी अहवाल आले. त्या मुलीच्या कागदावर लिहिलं होतं, एसएस. आईकडूनही सिकलसेलचा जनुक आणि बापाकडूनही तोच. अहवालासोबत आरोग्य कार्यकर्तीनं मला एक छापील कागद दिला आणि दुखणं कशानं उसळतं त्या शब्दांवर बोट ठेवलं. थंडी. तहान. अति थकवा. ताप.

त्या संध्याकाळी मी शाळेतच थांबलो आणि कपाटातले जुने हजेरीपट बाहेर काढले. मी ते पश्चात्तापानं काढले असं म्हणणं खोटं होईल. मला माझी बाजू शोधायची होती. आजार आहे हे मान्य, पण ही त्याच्या आडून जरा जास्तच राहायची, असं काहीतरी हाती लागावं अशी माझी इच्छा होती. म्हणजे मग एवढं वाईट वाटून घ्यायची गरज उरली नसती.

तिचं नाव शोधून मी शेवटच्या पानापासून मागे जात राहिलो. लाल शाईतले 'अ' मी आजवर फक्त बेरजेसाठी मोजले होते. महिन्याच्या शेवटच्या रकान्यात आकडा लिहायचा, टक्केवारी काढायची, संपलं. ते कोणत्या तारखांना पडलेत हे कधी पाहिलं नव्हतं. ते एकेकटे विखुरलेले नव्हते, सलग होते. तीन-चार दिवस लाल, मग बरेच दिवस हजर, मग पुन्हा लाल. वेचणीशी त्यांचा मेळ लागत नव्हता. बाजाराच्या दिवसाशीही लागत नव्हता. ऑगस्टच्या मध्याला एक लाल पट्टा होता, कारण 15 ऑगस्टच्या कवायतीचा सराव आम्ही उन्हापावसात घेतो. क्रीडास्पर्धांनंतर एक. पावसाळ्यात तापाची साथ आली तेव्हा बाकीची मुलं दोन दिवसांत परतली होती आणि ही आठवड्यानं. डिसेंबरात थंडी पडली की हमखास एक.

मग एका पानावर मी अडकलो. जानेवारीतला एक सोमवार. तिच्या नावापुढं हजेरी होती आणि शेजारी माझ्याच अक्षरात बारीक 'विलंब' लिहिलेलं. म्हणजे त्या सकाळी मी तिला ओट्यावर उभं केलं होतं. जानेवारीत आमच्याकडे सकाळचा वारा अंगात शिरतो. मंगळवारपासून लाल शाई सुरू झाली होती.

मी पुढची पानं चाळली, मागची चाळली. 'विलंब', आणि मग 'अ', 'अ', 'अ'. काही ठिकाणी तसं नव्हतं. 'विलंब' होतं आणि दुसऱ्या दिवशी ती हजरही होती. त्या नोंदी मी काही वेळ धरून ठेवल्या. त्या सगळ्या उन्हाळ्याच्या तोंडच्या होत्या. थंडीच्या महिन्यांत ती जोडी सुटतच नव्हती. आणि जितके दिवस ती शाळेत आली होती, त्यातले किती दिवस दुखत असताना आली असेल, हे तर हजेरीपटात कुठंच नव्हतं. हजर म्हणजे हजर.

ज्या कागदानं मी तिच्यावर आरोप ठेवत होतो, तोच तिच्या आजाराची तारीखवार नोंद होता. कोणत्याही डॉक्टरनं तो नुसता चाळला असता तरी विचारलं असतं की या मुलीला थंडीत काय होतं. तो रोज सकाळी माझ्या हातात होता. कार्यकर्तीनं दाखवलेल्या चार कारणांपैकी तीन तर मी नियम करून पुरवली होती. थंडीत ओटा, तहानेला मनाई, थकव्याला कवायत. चौथं, ताप, त्यावर माझा विश्वासच नव्हता.

आजार काय आहे ते मग मी नीट वाचलं. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका ठिकाणी एक अमिनो आम्ल बदलतं, एवढाच फरक. त्या फरकामुळं प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथं रक्त पोचत नाही तिथं कळ उठते. हाडांत, सांध्यांत, पाठीत, छातीत. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते. म्हणून अशक्तपणा, म्हणून पिवळे डोळे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचं वर्णन 1910 साली छापलं. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा आजार आढळल्याची नोंद झाली. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे सगळं लिहून ठेवलेलं होतं.

एक गोष्ट वाचून मात्र मी पुस्तक मिटलं. या आजारात मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवण्याची ताकद लहान वयातच जाते. अंगात पाणी राहत नाही, म्हणून तहान लागते. लघवी घट्ट होत नाही, म्हणून वारंवार जावं लागतं. आणि पाणी कमी पडलं की पेशी आणखी वाकतात. ती पाणी मागत होती तेव्हा औषध मागत होती. मी तिला मधल्या सुट्टीपर्यंत थांबायला सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. इतकी वर्षं त्या शाळेत असून त्या वस्तीत मी जनगणनेच्या आणि निवडणुकीच्या कामाखेरीज कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिच्या मायेला मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "जाऊ द्या सर, तुमाले बी मालूम नव्हतं, आमाले बी मालूम नव्हतं." तिनं मला मोकळं केलं, पण ते मला घेता येत नाही. तिला माहीत नव्हतं तरी तिनं लेकीवर विश्वास ठेवला होता. मला माहीत नव्हतं म्हणून मी संशय घेतला होता. दोघांचं अज्ञान एकाच जातीचं नव्हतं.

निघताना तिनं एकच मागितलं. "वर्गात कोनाले सांगू नका. उद्या तिचं लगन जमवाचं हाय." मी हो म्हटलं आणि घामाघूम झालो, कारण आदल्या दिवशीच शिक्षकांच्या खोलीत मी तिचं नाव घेऊन सगळं सांगून टाकलं होतं. त्याच तपासणीत आमच्या नात्यातला एक मुलगा एएस, म्हणजे वाहक निघाला होता. वाहकाला सहसा त्रास नसतो, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक असते. फळ्यावरची तीच चौकट. त्या मुलाच्या वडिलांनी फोन करून सांगितलं, कुठं बोलू नकोस रे. मी बोललो नव्हतो. त्यांनी सांगायच्या आधीच मी तो कागद दुमडून खिशात ठेवला होता. एका मुलाचं गुपित राखायचं हे मला आपोआप कळलं आणि दुसरीचं राखायचं हे कळायला तिच्या आईला विनवावं लागलं. याचं कारण मी तुम्हाला वर सांगितलंच आहे.

हा आजार अमुक वस्तीचा, तमुक जातीचा, असं आमच्याकडे अजून बोललं जातं. मीही मनात तेच धरलं होतं. जनुकाला वस्ती कळत नाही. वाहकांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. जिथं पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथं हा जनुक टिकला. सातपुड्याच्या पायथ्याची जंगलं त्यातलीच. ज्यांनी त्या जंगलात हिवताप सोसला त्यांच्या वंशजांकडे तो जास्त आहे, आणि विदर्भात कुणबी, तेली घरांतही तो सापडतो.

यानंतर मी माझे बाकीचे नियम एकेक करून पाहायला घेतले. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मला सर्वांत प्रिय होतं. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये सगळीकडे डोळ्यांची साथ होती. लाल डोळे घेऊन मुलं बाकावर बसली होती, कारण एक दिवस गेला तर बक्षीस जाईल. आठवडाभरात सगळा वर्ग डोळे चोळत होता. तेव्हाही मला त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं, उलट मी त्यांना जिद्दी म्हटलं होतं. ते बक्षीस आता बंद आहे. काही पालक नाराज झाले. एकानं विचारलं, मग माझ्या पोरानं पाच वर्षं एकही दिवस बुडवला नाही त्याचं काय. मला त्याला देण्यासारखं चांगलं उत्तर सापडलं नाही.

डॉक्टरच्या प्रमाणपत्राची अटही काढली. मजुरी करणाऱ्या घरात त्या एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडं लागतं, हे मला आधी कोणी सांगायला नको होतं. आता आजारपणाची चिठ्ठी मराठीतही चालते, आईच्या शब्दांत, आणि लिहिता येत नसेल तर तोंडी. ती आम्ही जशी सांगितली तशीच वहीत उतरवतो. 'हाडं ठणकतेत.' 'लघवी लाल झाली.' 'छातीत कळ हाय.' पहिल्या महिन्यात त्या वहीतून जेवढं कळलं तेवढं इतक्या वर्षांच्या अर्जांतून कळलं नव्हतं. पाण्याची बाटली प्रत्येकाच्या बाकावर असते. केरळातल्या शाळांनी 2019 साली पाण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली होती. आम्ही तीही सुरू केली, सगळ्या मुलांसाठी, म्हणजे एकीलाच वेगळं काढल्यासारखं होत नाही. लघवीला कोणी विचारलं तर कारण विचारायचं नाही.

औषधांचं कपाट मी सर्वांत शेवटी उघडलं. शाळेत एक डबा असायचा. तापाच्या गोळ्या, पोटदुखीच्या गोळ्या, खोकल्याचं औषध. मुलाला घरी पाठवण्यापेक्षा एक चमचा देऊन वर्गात बसवणं सोपं. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडून बातम्या येऊ लागल्या. कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, तामिळनाडूच्या तपासणीत 48.6 टक्के. छिंदवाडा, बैतूल आणि आमच्या पांढुर्णा जिल्ह्यातली मिळून वीसहून अधिक मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतली बरीच नागपूरच्या दवाखान्यांत, जिथं आम्ही सगळे शेवटचा उपाय म्हणून धावतो. बहुतेक मुलं पाच वर्षांच्या आतली होती. शाळेशी त्यांचा संबंध नव्हता. तरी मी डबा उघडून त्यातल्या बाटल्यांवरची नावं वाचली आणि मग सगळं आरोग्य केंद्रात नेऊन दिलं. आता मूल आजारी असेल तर घरच्यांना बोलावतो. सिकलसेलच्या मुलाला ताप चढला, छातीत दुखलं, अचानक एक बाजू लुळी पडली किंवा बोलता येईना, तर घरच्यांची वाटही पाहायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. हे भिंतीवर लावलेलं आहे, कोणाचंही नाव न घालता.

सगळे सहकारी सोबत आहेत असं नाही. एकानं मला विचारलं, "उद्या सगळीच पोरं हाडं दुखतात म्हणतील, मग काय करशील?" म्हणतील. काही जण म्हणतातही. या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला, कारण तो माझाच जुना प्रश्न होता. मला शिस्तीची काळजी आहे असं मी समजत होतो. खरी भीती वेगळी होती. एखादं पोर आपल्याला फसवून जाईल आणि आपण मूर्ख ठरू, याची मला भीती होती. ती भीती शांत करण्यासाठी मी एका मुलीला थंडीत उभं केलं. आता कोणी खोटं सांगून घरी गेलं तर जाऊ दे, माझं त्यात फार काही जात नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार धरलेत त्यात सिकलसेल आहे. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्यांनी सिकलसेलग्रस्तांसाठी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. ते नागपूर आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. त्या कायद्याची यादी मी प्रशिक्षणात लिहून घेतली होती. वहीत ती सापडली, सुंदर अक्षरात, पुढं काहीच नाही. त्याहून जुनी गोष्ट सांगायची तर शाळकरी मुलांची देशातली पहिली वैद्यकीय तपासणी 1909 साली सयाजीरावांच्या बडोद्यात झाली. मुलाचं शरीर हाही शाळेचा विषय आहे हे एका मराठी राजाच्या राज्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लोकांना उमगलं होतं. पण मंडळाच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरीची अट आहे, आणि एसएस असलेलं मूल एखाद्या वाईट वर्षात त्याच्या खाली सहज जातं. सूट मिळते, पण ती मागावी लागते, कागद जोडावे लागतात, आणि ते कोणी मागायचं हे त्या मुलाच्या मजूर बापाला माहीत नसतं. आता ते अर्ज मी लिहितो. दर वर्षी, वेळेच्या आधी.

ती मुलगी आता अकरावीला आहे. रोज हायड्रॉक्सियुरिया घेते, त्यानं कळा कमी झाल्यात, पण संपलेल्या नाहीत. यंदा तिनं खो-खोच्या संघात नाव दिलं. मी ते काढलं. काळजीनं काढलं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, डॉक्टरनं खेळू नको असं नाई म्हटलं. पानी पी, थंडीत खेळू नको, दम लागला का बस, असं म्हटलं. तुमी मले आधी बी नाई विचारलं, आता बी नाई विचारलं." त्या आधीच्या दिवसांबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. मी क्रीडाशिक्षकांना सांगून तिचं नाव पुन्हा घातलं. सराव आता सकाळी सातऐवजी ऊन पडल्यावर होतो, आणि कधी बसायचं ते ती ठरवते.